महाराष्ट्रातील वनस्पतिशास्त्राचे पदवी-शिक्षण : एक ऐतिहासिक अभ्यास (१८४५ ते २०२४)

सारांश

महाराष्ट्रात वनस्पतिशास्त्र हा विषय प्रथम वैद्यकाचा व नंतर कृषिशिक्षणाचा भाग म्हणून शिकविला गेला. पदवीचा स्वतंत्र विषय म्हणून त्याला प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकात. प्रस्तुत निबंधात या वाटचालीचे प्रमुख टप्पे तपासले आहेत. उद्यान, हर्बेरियम आणि क्षेत्रभेट यांच्याशी अध्यापनाचा संबंध जेव्हा घट्ट होता, तेव्हा पदवीवर्गाभोवती टिकाऊ स्वरूपाची ज्ञाननिर्मिती झाली. परीक्षापद्धतीने मात्र या अंगाला पुरेसे स्थान दिले नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे. चार वर्षांच्या पदवीची रचना अमलात येत असताना या इतिहासाचा विचार करणे आवश्यक ठरते.

बीजशब्द : वनस्पतिशास्त्र, पदवी-शिक्षण, मुंबई इलाखा, हर्बेरियम, प्रादेशिक वनस्पतिसृष्टी, परीक्षापद्धती.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन शिक्षणाचा इतिहास लिहिताना सामान्यतः विद्यापीठांची स्थापना, कायदे, आयोग आणि अनुदाने यांचा विचार केला जातो. एखादा विषय वर्गात, प्रयोगशाळेत आणि वर्गाबाहेर प्रत्यक्ष कसा शिकविला गेला याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. वनस्पतिशास्त्राच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. रसायनशास्त्रातील एखादी अभिक्रिया लंडनमध्ये, मुंबईत किंवा लातूरमध्ये सारख्याच रीतीने शिकविता येते. वनस्पतिशास्त्राचे तसे नाही. पेशीविभाजन, प्रकाशसंश्लेषण आणि आनुवंशिकता यांचे नियम सार्वत्रिक असले, तरी ज्या वनस्पतींच्या साहाय्याने ते समजून घ्यावयाचे त्या मात्र त्या-त्या भूमीच्या, पावसाच्या आणि ऋतूच्या असतात. त्यामुळे या विषयाच्या पदवीचा इतिहास हा त्या प्रदेशातील वनस्पतिसृष्टीशी विद्यार्थ्याचे नाते कसे जुळले किंवा तुटले याचाही इतिहास ठरतो.

हा विषय घेऊन बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यातील वनस्पती ओळखता येतात काय, असा प्रश्न पालक, शेतकरी आणि वनाधिकारी सहजपणे विचारतात. प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या कुवतीत शोधून भागणार नाही. ही पदवी कोणत्या गरजेतून घडली, तिने काय आत्मसात केले आणि काय बाहेर ठेवले, हे पाहिल्यावरच त्याचे उत्तर मिळू शकते. प्रस्तुत निबंधाचा हेतू तेवढाच मर्यादित आहे.

२. वैद्यकाच्या छायेत

मुंबई इलाख्यात वनस्पतींचा आधुनिक पद्धतीने अभ्यास सुरू झाला तो महाविद्यालयांच्या बाहेर. पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ मध्ये सरकारी वनस्पतिउद्यान स्थापन झाले. डाक खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी तयार केलेली मुंबई व परिसरातील वनस्पतींची यादी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. निकोल डॅलझेल आणि अलेक्झांडर गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये आला. गिब्सन हे मूळचे डॉक्टर. दापोडीच्या उद्यानाची व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि पुढे ते इलाख्याचे वनसंरक्षक झाले. वनस्पतींचा अभ्यास हा त्या काळी नोकरी सांभाळून जोपासलेला व्यासंग होता. त्यासाठी पदवी नव्हती आणि पदवीची गरजही कोणास वाटत नव्हती.

वर्गात हा विषय आला तो वैद्यकाच्या निमित्ताने. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्या काळातील बहुतेक औषधे वनस्पतिजन्य असल्याने वनस्पतींची ओळख ही वैद्याची प्राथमिक गरज होती. साहजिकच वनस्पतिशास्त्र आणि औषधिद्रव्यविज्ञान हे विषय जोडीने शिकविले जात. या विषयांचे प्राध्यापकपद भूषविलेल्या जॉर्ज बर्डवूड यांनी १८६२ मध्ये मुंबई इलाख्यातील वनस्पतिज उत्पादनांची सूची प्रसिद्ध केली. याच महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतील भाऊ दाजी लाड यांनी देशी वनौषधींचा शोध घेतला. डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईतील औषधिद्रव्यांची सूची सिद्ध केली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत डॉ. सखाराम अर्जुन आणि डॉ. आत्माराम पांडुरंग हे दोघे भारतीय होते, आणि दोघेही डॉक्टर होते.

या टप्प्याची दोन वैशिष्ट्ये लक्षात घेण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे विषयाला स्वतंत्र अस्तित्व नसले तरी विद्यार्थ्यासमोरील वनस्पती स्थानिक होती. बाजारातील काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी मुळी आणि इंग्रजी ग्रंथातील वर्णन यांचा मेळ घालणे हेच अध्ययनाचे स्वरूप होते. दुसरे म्हणजे वनस्पतीचे महत्त्व तिच्या उपयोगावर ठरत होते. जी वनस्पती औषधी नाही तिच्याकडे पाहण्याचे कारण या अभ्यासक्रमात नव्हते.

३. अभियंते, शेतकी वर्ग आणि गणेशखिंड

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली, तरी विज्ञानाची वेगळी पदवी देण्याची व्यवस्था १८८० च्या सुमारासच झाली. तोपर्यंत निसर्गविज्ञानाचे विषय कला शाखेच्या पदवीतच अंतर्भूत होते. याच सुमारास पुण्यात एक अनपेक्षित घटना घडत होती. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाला १८७९ मध्ये शेतकीचा वर्ग जोडण्यात आला आणि त्या वर्गासाठी वनस्पतिशास्त्राचे अध्यापन सुरू झाले. गणेशखिंड येथे १८७३ मध्ये स्थापन झालेले उद्यान या अध्यापनाला उपलब्ध होते. उद्यानाचे अधीक्षक जॉर्ज मार्शल वुड्रो हेच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे व्याख्याते होते. सकाळी ज्या झाडाची निगा राखावयाची त्याच झाडावर वर्गात बोलावयाचे, असा हा योग होता.

महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक हे व्यवसायाने अभियंता. १८६५ ते १८९३ या काळात प्राचार्यपद सांभाळताना त्यांनी वनस्पतिसंग्रहाचा ध्यास घेतला. निवृत्तीनंतर क्यू येथे बसून त्यांनी ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील कोणत्याही वनस्पतिशास्त्र विभागात आजही हा ग्रंथ हाताशी असतो. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाने १९५८ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण केले, यावरून त्याची उपयुक्तता किती टिकाऊ होती हे दिसते.

या ग्रंथात प्रत्येक जातीच्या स्थानाच्या नोंदीपुढे संग्राहकाचे नाव दिलेले आहे. वुड्रो, गॅमी यांच्याबरोबर तेथे कानिटकर आणि भिवा ही नावेही वारंवार येतात. ऐन पावसाळ्यात घाटमाथ्यावर जाऊन वनस्पती गोळा करणाऱ्या, त्या दाबून वाळविणाऱ्या या माणसांच्या श्रमावर इलाख्याचा प्रमाणग्रंथ उभा आहे. ग्रंथलेखन मात्र क्यू येथे झाले, कारण तुलनेसाठी लागणारे नमुने व ग्रंथ तेथे होते. येथील वनस्पतीचे नाव निश्चित करण्यासाठी समुद्रापलीकडे जावे लागणे ही वसाहतकालीन विज्ञानाची मर्यादा होती. तिचा परिणाम पदवी-शिक्षणावरही झाला. वनस्पतीला नाव देण्याचे काम आपले नव्हे, अशी समजूत वर्गात दीर्घकाळ राहिली.

ही समजूत मोडणारे उदाहरणही पुण्यातच सापडते. शेतकी महाविद्यालय १९०७ मध्ये स्वतंत्र झाले. तेथे जी. ए. गॅमी हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या सहवासात तयार झालेले आर. के. भिडे हे गवतांचे अभ्यासक. भिडे यांनी सह्याद्रीतील एका गवताला गॅमी यांचे नाव दिले. ते गवत आज डँथोनिडियम गॅमीआय या नावाने ओळखले जाते. पुढे क्यू येथील ऑटो श्टाफ यांनी गवतांच्या एका प्रजातीसाठी ‘भिडिया’ हे नाव योजले आणि एन. एल. बोर यांनी ते १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. गुरूच्या नावाची जाती आणि शिष्याच्या नावाची प्रजाती असा हा दुर्मीळ योग आहे. महाविद्यालयातील अध्यापन स्थानिक वनस्पतींवर आधारलेले असेल, तर एका पिढीच्या आत विद्यार्थी विषयाच्या जागतिक वाङ्मयात भर घालू शकतो, हे त्यातून सिद्ध होते.

४. स्वतंत्र विषयाची प्रतिष्ठा

विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतिशास्त्राला वैद्यक व शेती यांच्यापासून वेगळे स्थान मिळू लागले. यात मुंबईतील दोन संस्थांचा वाटा मोठा आहे. पहिली म्हणजे सेंट झेव्हियर्स कॉलेज. स्वित्झर्लंडहून १९०३ मध्ये आलेले जेझुइट धर्मगुरू एथेलबर्ट ब्लाटर यांनी तेथे अध्यापन करीत हर्बेरियमची उभारणी केली. ते आज ब्लाटर हर्बेरियम म्हणून प्रसिद्ध आहे. भारत व श्रीलंका येथील ताडवर्गीय वृक्षांवरील त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये, तर चार्ल्स मकॅन यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरी संस्था म्हणजे १९२० मध्ये सुरू झालेली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तेथे प्रयोगशाळेतील अभ्यासाला प्राधान्य होते. आर. एच. दस्तूर यांनी वनस्पतिक्रियाविज्ञानाची, तर एला गोन्सालविस यांनी शैवलविज्ञानाची परंपरा निर्माण केली. गोन्सालविस यांचा शैवलांच्या इडोगोनिएलीझ या गणावरील प्रबंधग्रंथ १९८१ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. अशा रीतीने मुंबईत क्षेत्राभ्यास आणि प्रयोगशाळा या दोन्ही परंपरा एकाच वेळी वाढल्या, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला दोन्हींचा लाभ घेता येत होता.

सेंट झेव्हियर्समधील परंपरा पुढे नेली ती स्पेनमध्ये जन्मलेल्या फादर एच. सांतापाव यांनी. १९४० पासून त्यांनी तेथे अध्यापन केले. खंडाळ्याच्या वनस्पतिसृष्टीवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये व पुरंदरवरील ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. ही दोन्ही स्थाने मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला सहज गाठता येण्याजोगी होती, ही बाब महत्त्वाची आहे. दूरच्या अज्ञात अरण्याऐवजी हाकेच्या अंतरावरील डोंगर वर्षानुवर्षे, प्रत्येक ऋतूत तपासणे हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. कारवीचे उदाहरण घेतल्यास त्याचे मर्म कळते. सह्याद्रीच्या उतारावरील कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिकपणे फुलते. तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला ती कदाचित एकदाही फुललेली दिसणार नाही. तिच्या फुलाचा अभ्यास करावयाचा तर आधीच्या तुकड्यांनी जमविलेला वाळका नमुनाच पाहावा लागेल. विद्यार्थ्यांच्या एका पिढीचे निरीक्षण दुसऱ्या पिढीला सोपविणारे साधन म्हणजे हर्बेरियम होय.

या कार्यपद्धतीचे फळ किती दूरवर पोहोचते हे सफेद मुसळीच्या इतिहासावरून दिसते. १९५५ मध्ये सांतापाव आणि त्यांचे सहकारी आर. आर. फर्नांडिस यांनी क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम या नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. नावातच मुंबईचे बोरिवली हे उपनगर आहे. त्या वेळी हा केवळ वर्गीकरणाचा विषय होता. पुढे हीच जाती सफेद मुसळी म्हणून औषधी व्यापारात महत्त्वाची ठरली आणि शेतकऱ्यांनी तिची लागवड केली. मुसळी या नावाने बाजारात अनेक वनस्पतींची मुळे विकली जातात. त्यांतील खरी कोणती हे सांगण्यासाठी महाविद्यालयातील दोन अध्यापकांनी केलेले ते वर्णनच आधारभूत ठरते. विशुद्ध आणि उपयोजित असा भेद करून वर्गीकरणशास्त्राला दुय्यम मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य लक्षात घ्यावे.

५. पदवीनंतरचा मार्ग

पदवीचे मूल्य तिच्यानंतर काय करता येते यावरही अवलंबून असते. या दृष्टीने शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) यांचे चरित्र उद्बोधक आहे. मालवणात जन्मलेले आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. पश्चिम घाटात गोड्या पाण्यातील जेलीफिश शोधून काढल्यामुळे त्यांचे नाव प्रथम वैज्ञानिक वर्तुळात पोहोचले. पुढे कलकत्ता विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक झाले. उच्च अध्ययनासाठी जर्मनीत असताना पहिले महायुद्ध सुरू झाल्याने त्यांना तेथे स्थानबद्धतेत राहावे लागले, तरीही बर्लिनची डॉक्टरेट त्यांनी पूर्ण केली. निवृत्तीनंतर पुण्यास परतून १९४६ मध्ये त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभारली. १९९२ मध्ये या संशोधनसंस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या विद्यार्थ्याला या विषयातील कारकीर्द करण्यासाठी कलकत्त्यास जावे लागले, हे त्या काळातील महाराष्ट्राच्या मर्यादेचे द्योतक आहे. विज्ञानवर्धिनीमुळे ही उणीव काही अंशी भरून निघाली. तेथील कवकांच्या संग्रहाला पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात काम केलेले कवकशास्त्रज्ञ एस. एल. आजरेकर यांचे नाव आहे. याच संस्थेतील वा. द. वर्तक यांनी १९६६ मध्ये गोमंतकातील वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली आणि पुढे माधव गाडगीळ यांच्यासह पश्चिम घाटातील देवरायांचा पाया घालणारा अभ्यास केला. देवराई ही खेड्यातील विद्यार्थ्याच्या परिचयाची गोष्ट. तिला वनस्पतिशास्त्राच्या वाङ्मयात स्थान मिळाले ते या संशोधनामुळे.

६. स्वातंत्र्योत्तर विस्तार

स्वातंत्र्यानंतर वनस्पतिशास्त्र मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांबाहेर पसरले. नागपूर विद्यापीठ १९२३ पासून होतेच. तेथील सायन्स कॉलेजमध्ये व्ही. बी. शुक्ल यांनी छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील जीवाश्म वनस्पतींचा अभ्यास केला आणि विदर्भातील अध्यापनाला पुरावनस्पतिशास्त्राची वेगळी ओळख मिळाली. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. तेथे टी. एस. महाबळे यांनी नेचे, ताड व जीवाश्म वनस्पती यांच्या संशोधनाची परंपरा घडविली. त्यानंतर मराठवाडा (१९५८), शिवाजी (१९६२), अमरावती (१९८३), उत्तर महाराष्ट्र (१९९०), नांदेड (१९९४), सोलापूर (२००४) आणि गोंडवाना (२०११) अशी विद्यापीठे निर्माण झाली. जिल्ह्याच्या व पुढे तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान महाविद्यालये निघाली. शेतकरी कुटुंबातील पहिल्या पिढीचा विद्यार्थी या वर्गात येऊन बसला.

या विस्ताराचा एक परिणाम म्हणजे जिल्हा व विभाग पातळीवरील वनस्पतिकोशांची निर्मिती. १९५५ मध्ये पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ सुरू झाले आणि शेतकी महाविद्यालयातील जुना संग्रह तेथील हर्बेरियमचा गाभा बनला. सर्वेक्षणाने महाराष्ट्राच्या वनस्पतिसृष्टीचे खंड १९९६, २००० व २००१ मध्ये प्रसिद्ध केले. विद्यापीठीय अध्यापकांनीही समांतर कार्य केले. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्यावरील द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ मध्ये, तर एस. आर. यादव व एम. एम. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्यावरील ग्रंथ २००२ मध्ये आला. कंदीलपुष्प या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेरोपेजिया प्रजातीच्या अनेक जाती याच काळात सह्याद्रीतून नव्याने वर्णिल्या गेल्या. त्यांतील दोन जातींना सांतापाव व मकॅन यांची नावे आहेत.

मात्र विस्ताराची दुसरी बाजूही आहे. महाविद्यालये वाढली, पण गणेशखिंडसारखे उद्यान किंवा ब्लाटरसारखे हर्बेरियम प्रत्येक ठिकाणी उभे राहणे शक्य नव्हते. १९७५ नंतर राज्यात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशाची स्पर्धा तीव्र झाली. जीवशास्त्र घेतलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने वनस्पतिशास्त्राची पदवी हा दुसरा पर्याय ठरला. ज्या विषयाचा जन्म वैद्यकाच्या पोटी झाला, तो शतकानंतर पुन्हा वैद्यकाच्या छायेत गेला. फरक एवढाच की, पूर्वी वैद्याला वनस्पतिशास्त्र आवश्यक वाटे.

७. पाठ्यपुस्तक, परिभाषा व परीक्षा

पदवीवर्गाचे खरे स्वरूप पाठ्यपुस्तक आणि प्रश्नपत्रिका ठरवितात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लॉसन यांच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकाची भारतीय आवृत्ती प्रचलित होती. ती सिद्ध करण्यात बिरबल साहनी यांचा सहभाग होता. इंग्लंडातील उदाहरणांच्या जागी भारतीय वनस्पती आणणे हे त्या आवृत्तीमागील प्रयोजन होते. नंतर ए. सी. दत्त आणि गांगुली-दास-दत्त यांची पुस्तके आली. ही पुस्तके भारतीय असली तरी अखिल भारतीय विद्यार्थ्यासाठी लिहिलेली होती. त्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थी राज्यात नैसर्गिकरीत्या न वाढणाऱ्या पायनसचा जीवनक्रम काचपट्टीवरून पाठ करी. सह्याद्रीतील दाट जंगलात आढळणारी नीटमची वेल मात्र त्याने प्रत्यक्ष पाहिलेली असेच असे नाही. पावसाळ्यात घाटातील ओल्या दरडींवर रिक्सिया व अँथोसेरॉस विपुल असतात, तरी प्रयोगशाळेत त्यांचे जतन केलेले जुने नमुने वापरले जातात.

परिभाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने वनस्पतिशास्त्राची मराठी परिभाषा सिद्ध केली. मराठी विश्वकोशाने १९७६ पासून प्रसिद्ध झालेल्या खंडांत असंख्य वनस्पतींवर नोंदी दिल्या. पुंकेसर, किंजल, बीजांड, आवृतबीज हे शब्द त्यामुळे रूढ झाले. तथापि पदवीचे अध्यापन व परीक्षा प्रामुख्याने इंग्रजीतच राहिल्या. परिणामी खेड्यातील विद्यार्थ्याला टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या वनस्पती नावानिशी आणि चवीनिशी माहीत असूनही ती माहिती वर्गात ज्ञान म्हणून गणली गेली नाही. घरी शिकलेले नाव आणि वर्गात शिकलेले नाव यांची सांगड घालण्याचे काम अभ्यासक्रमाने कोणावरच सोपविले नव्हते.

प्रात्यक्षिक परीक्षेचे स्वरूप तपासले असता हे अधिक स्पष्ट होते. फुलोरा दिलेल्या वनस्पतीचे वर्णन करावयाचे, पुष्पसूत्र व पुष्पचित्र काढावयाचे आणि बेंथॅम-हुकर पद्धतीनुसार तिचे कुल सांगावयाचे, हा प्रश्न अनेक दशके ठरलेला आहे. त्याने निरीक्षणशक्तीला शिस्त लागते, हे नाकारता येणार नाही. परंतु उत्तर कुलापाशी थांबते. प्रजाती आणि जाती यांपर्यंत जाण्याची अपेक्षा सहसा नसते. परीक्षेला ठेवायची वनस्पती शेकडो विद्यार्थ्यांना पुरेल इतकी उपलब्ध हवी. म्हणून जास्वंद, सदाफुली, धोत्रा अशी बागेतील वा रस्त्याकडेची ठराविक झाडे आलटून पालटून येतात. जर्नल, आडव्या छेदाचे रंजन आणि नमुन्यांची ओळख यांना गुण आहेत. सहल-अहवाल व हर्बेरियमचे पत्रक यांनाही काही गुण आहेत, पण ते अल्प. साहजिकच सहल ही शैक्षणिक गरज न राहता सत्राच्या अखेरीस उरकण्याची बाब झाली. सुमारे ४२ सेंटिमीटर लांब व २८ सेंटिमीटर रुंद कागदावर चिकटविलेले नमुने परीक्षेनंतर जपून ठेवण्याची व्यवस्थाही सर्वत्र नसते. त्यावर स्थळ, तारीख व संग्राहकाचे नाव नीट लिहिलेले असेल तर तोच कागद पन्नास वर्षांनी पुरावा ठरतो. अन्यथा तो केवळ वाळलेला पाला असतो.

८. अलीकडील वळणे

१९८६ मध्ये केंद्र शासनाने जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला आणि त्यानंतर जैवतंत्रज्ञान व सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या स्वतंत्र पदव्या लोकप्रिय झाल्या. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक्रमातही रेणवीय जीवशास्त्र, ऊतिसंवर्धन व जैवसांख्यिकी यांचा समावेश झाला. हे बदल आवश्यकच होते. १९९८ पासून आवृतबीज वनस्पतींची वर्गीकरणपद्धतीच डी.एन.ए.च्या आधारे नव्याने मांडली गेली आहे. त्यामुळे क्षेत्राभ्यास विरुद्ध रेणवीय अभ्यास असा वाद उभा करणे अशास्त्रीय ठरेल. ज्या पानातून डी.एन.ए. मिळवावयाचा त्या पानाची वनस्पती अचूक ओळखलेली नसेल, तर पुढील सर्व विश्लेषण निरर्थक होते.

दुसरीकडे, वनस्पती ओळखणाऱ्या मनुष्यबळाची गरज कायद्यानेच वाढविली आहे. जैविक विविधता कायदा २००२ मध्ये संमत झाला. त्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या अपेक्षित आहेत. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा समावेश आहे. ज्या गणेशखिंड उद्यानाच्या आधारे पुण्यात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन सुरू झाले, ते २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. म्हणजे कामाचे क्षेत्र विस्तारत असताना ते काम करण्याचे कौशल्य मात्र पदवीच्या परीक्षेत दुय्यम राहिले आहे. ही विसंगती आजच्या परिस्थितीचे मर्म आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी पदवीरचना लागू झाली. तीत चौथ्या वर्षाचा पर्याय आहे. क्षेत्र-प्रकल्प, कार्यानुभव-प्रशिक्षण व समाजसहभाग यांना श्रेयांकही आहेत. क्षेत्रकार्याला प्रथमच निश्चित वजन मिळाले आहे, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि श्रेयांक मिळाले म्हणून क्षेत्रकार्य आपोआप होत नाही. त्यासाठी वनस्पती ओळखणारा अध्यापक, नमुने जतन करणारी जागा आणि पावसाळ्यातील मोकळे दिवस लागतात. जून ते ऑक्टोबर हा सह्याद्रीतील फुलोऱ्याचा काळ. नेमका तोच प्रवेश, चाचण्या आणि सत्रपरीक्षा यांत व्यतीत होतो.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) महाराष्ट्रात वनस्पतिशास्त्राचे शिक्षण वैद्यक व कृषी यांच्या गरजेतून सुरू झाले. स्वतंत्र पदवीविषय झाल्यावर त्याची सैद्धांतिक उंची वाढली, परंतु स्थानिक वनस्पतींशी असलेला आरंभीचा सहज संबंध टिकविण्यासाठी स्वतंत्र प्रयत्नांची गरज निर्माण झाली.

(२) वुड्रो, गॅमी व भिडे, ब्लाटर, सांतापाव यांच्या काळातील यशामागे व्यक्तींची निष्ठा होती, तशीच उद्यान व हर्बेरियम यांची व्यवस्थाही होती. या व्यवस्था जेथे टिकल्या तेथे परंपरा टिकली.

(३) पदवीधारक नसलेल्या स्थानिक संग्राहकांचे ज्ञान प्रमाणग्रंथांना आधारभूत ठरले, पण अभ्यासक्रमात त्याला स्थान मिळाले नाही. ग्रामीण विद्यार्थ्याजवळील वनस्पतिज्ञानाची आज होणारी उपेक्षा ही त्याच वृत्तीचे सातत्य आहे.

(४) विद्यार्थी स्थानिक वनस्पती ओळखू शकत नसेल, तर त्याचे प्रमुख कारण परीक्षेने त्याच्याकडून ती अपेक्षाच केली नाही हे आहे.

यास्तव प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील निदान एक डोंगर, एक देवराई किंवा एक तळे निश्चित करून तेथील वनस्पतींची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी. विद्यार्थ्यांचे नमुने परीक्षेनंतर महाविद्यालयाच्या कायम संग्रहात दाखल करून घ्यावेत. क्षेत्र-प्रकल्पाची सांगड गावाच्या जैवविविधता नोंदवहीशी घालावी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत जातीपर्यंत ओळख व मराठी स्थानिक नाव यांना गुण असावेत. यासाठी महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही. दाबयंत्र, जुनी वर्तमानपत्रे, एक बंद कपाट आणि कुक यांचा ग्रंथ एवढ्या सामग्रीवर आरंभ होऊ शकतो. आज प्रथम वर्षात प्रवेश घेणारा विद्यार्थी चौथ्या वर्षापर्यंत थांबला तरी कारवीचा पूर्ण जीवनक्रम त्याला पाहावयास मिळणार नाही. त्याने ठेवलेली नोंद मात्र पुढील तुकडीला उपयोगी पडेल, आणि ती नोंद ठेवून घेण्याची जबाबदारी महाविद्यालयाची आहे.